पॉली उम्रीगर आणि हॉल ऑफ फेम : सोलापुरात हा वाद नीट कसा घालावा

पहलन रतनजी उम्रीगर, म्हणजेच पॉली उम्रीगर, यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला. कसोटी क्रिकेटमध्ये द्विशतक करणारे ते पहिले भारतीय होत. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही विक्रम त्यांच्याच नावावर होते. असे असूनही आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर क्रिकेटपटूंच्या मानाच्या यादीत, २०२५ पर्यंत ज्या अकरा भारतीयांना स्थान मिळाले, त्यांत उम्रीगर नाहीत. बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर, कपिल देव, अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मंकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड आणि महेंद्रसिंग धोनी ही ती नावे आहेत.

सोलापुरात हा विषय निघाला की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘अन्याय झाला’ यावर सगळ्यांचे पाच मिनिटांत एकमत होते आणि चर्चा तिथेच संपते. नाही तर एखादा तरुण मोबाईलवर सरासरी काढून दाखवतो, एखादे आजोबा ‘तुम्ही त्यांना खेळताना पाहिले आहे का’ असे विचारतात आणि मग दोघेही आपापल्या जागी हट्टाने बसून राहतात. या दोन्हींपेक्षा बरा वाद घालता येतो. त्यासाठी थोडी तयारी, थोडे नियम आणि एक अट लागते. अट अशी की, आपल्या उमेदवाराची सर्वांत दुबळी बाजू आपणच आधी मांडायची. ती कशी पाळावी हे या लेखात उम्रीगर यांचेच उदाहरण घेऊन सांगितले आहे. तीच पद्धत विजय हजारे, सुभाष गुप्ते, दिलीप वेंगसरकर किंवा व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्या बाबतीतही चालेल.

यादी आणि नियम आधी ठरवावेत

निम्म्याहून अधिक भांडणे यामुळे होतात की एक जण आयसीसीच्या यादीबद्दल बोलत असतो आणि दुसरा स्वतःच्या मनातल्या यादीबद्दल. म्हणून बैठकीच्या आधीच ठरवावे की वाद आयसीसीच्या हॉल ऑफ फेमचा आहे. ते २ जानेवारी २००९ रोजी, आयसीसीच्या शताब्दीच्या निमित्ताने, दुबईत सुरू झाले. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आधी केलेल्या यादीतील ५५ नावे त्यात एकदमच घेण्यात आली आणि पुढे थोडी थोडी भर पडत गेली. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून पाच वर्षे झालेली असणे ही मूळ अट आहे. त्याशिवाय जे निकष जाहीर झाले, त्यांत फलंदाजाने कसोटी किंवा एकदिवसीय यांपैकी एका प्रकारात किमान ८००० धावा आणि २० शतके केलेली असावीत, अथवा त्याची सरासरी ५० च्या वर असावी, असे म्हटले आहे. गोलंदाजासाठी २०० बळी आणि कसोटीत दर बळीमागे ५० चेंडू, यष्टिरक्षकासाठी २०० झेल-यष्टिचीत, तर कर्णधारासाठी किमान २५ कसोटी किंवा १०० एकदिवसीय सामन्यांचे नेतृत्व आणि त्यांत निम्मे विजय, अशी मोजमापे दिलेली आहेत.

या निकषांवर उम्रीगर कुठेच बसत नाहीत. त्यांची सरासरी ४२.२२ होती, त्यांनी ३५ बळी घेतले आणि ८ कसोटींत नेतृत्व केले, त्यांपैकी २ जिंकल्या, २ गमावल्या व ४ अनिर्णित राहिल्या. विरोधी बाजूने एवढेच वाचून दाखवले तर वाद दोन मिनिटांत संपेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो तसाच संपतो. पण हेच निकष आत असलेल्यांना लावून पाहावेत. बेदी यांनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले, मात्र दर बळीमागे त्यांना सुमारे ८० चेंडू लागले. कपिल देव आणि कुंबळे यांचा आकडाही साठीच्या पुढे आहे. विनू मंकड यांच्या २१०९ धावा ३१.४७ च्या सरासरीने झाल्या आणि बळी १६२. म्हणजे फलंदाज म्हणूनही ते निकषात बसत नाहीत आणि गोलंदाज म्हणूनही नाहीत. तरी २०२१ मध्ये त्यांना स्थान मिळाले आणि ते योग्यच झाले. यावरून निष्कर्ष असा निघतो की निकष हे दार उघडण्याचे एक साधन आहे, एकमेव साधन नाही. ज्याला उम्रीगर यांची बाजू मांडायची आहे, त्याचे पहिले काम हा मुद्दा शांतपणे आणि पुराव्यासह मांडणे हे आहे.

मंकड यांची निवड कशी झाली तेही येथे महत्त्वाचे ठरते. २०२१ मध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने आयसीसीने क्रिकेटचा इतिहास पाच कालखंडांत विभागून प्रत्येकातून दोन, असे दहा खेळाडू निवडले. १९४६ ते १९७० या युद्धोत्तर कालखंडातून मंकड आणि इंग्लंडचे टेड डेक्स्टर आले. उम्रीगर यांची १९४८ ते १९६२ ही कारकीर्द पूर्णपणे याच कालखंडात बसते. म्हणून वादाचा ठराव लिहिताना काळाची चौकट त्यातच घालावी: ‘१९४६ ते १९७० या काळातील कसोटीपटूंशी तुलना करता पॉली उम्रीगर यांना आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळावयास हवे.’ ‘उम्रीगर महान होते की नव्हते’ असा ठराव कधीही ठेवू नये. त्याच्या विरोधात बोलणारा माणूस सोलापुरात तरी सापडणार नाही, आणि सापडला तर त्याला कोणी बोलू देणार नाही. विरोधात मत देणाऱ्याला खेळाडूचा अपमान केल्यासारखे वाटू नये, इतकी काळजी ठरावाच्या शब्दांत घेतली की पुढची अर्धी कामे सोपी होतात.

एक सामाईक टिपण

दोन्ही बाजूंनी वेगवेगळे आकडे घेऊन येण्याऐवजी बैठकीच्या आठवडाभर आधी दोघांनी मिळून एकच टिपण तयार करावे. त्यात मते नसावीत. सामने, धावा, बळी, प्रतिस्पर्धी, मैदान आणि निकाल एवढेच असावे. जुन्या कसोटींचे धावफलक आता सहज मिळतात, त्यामुळे ‘मी कुठेतरी वाचले आहे’ या वाक्याला टिपणात जागा देऊ नये. हे टिपण दोन पानांत बसले पाहिजे. पाच पानांचे टिपण कोणी वाचत नाही, हे सांगायला नको.

टिपणाचा पहिला भाग काळाचा असावा. ८००० धावांची अट उम्रीगर यांच्या काळाला लावणे म्हणजे काय, हे एका ओळीत स्पष्ट करता येते: ते निवृत्त झाले तोवर जगातील एकाही फलंदाजाने कसोटीत तेवढ्या धावा केलेल्या नव्हत्या. तेव्हाचा विक्रम वॉली हॅमंड यांच्या ७२४९ धावांचा होता. ८००० चा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारे गारफिल्ड सोबर्स १९७४ मध्ये थांबले, तेही ८०३२ वर. उम्रीगर सुमारे चौदा वर्षे खेळले आणि त्यांच्या वाट्याला ५९ कसोटी आल्या, म्हणजे वर्षाला सरासरी चारच्या आसपास. आजचा खेळाडू तेवढ्या कसोटी सहा-सात वर्षांत खेळून मोकळा होतो.

दुसरा भाग समकालीन भारतीयांचा असावा. विजय हजारे यांनी ३० कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा केल्या. विजय मांजरेकर ५५ कसोटींत ३२०८ धावा, सरासरी ३९.१२, चंदू बोर्डे ५५ कसोटींत ३०६१, सरासरी ३५.५९, पंकज रॉय ४३ कसोटींत २४४२, सरासरी ३२.५६. हे आकडे एकाखाली एक लिहिले की दिसते की दीर्घकाळ खेळलेल्या भारतीय फलंदाजांत त्या काळी उम्रीगर सर्वांत पुढे होते, मात्र सरासरीत हजारे त्यांच्या वर आहेत. हे दुसरे वाक्य गाळू नये. ते गाळले तर हजारे यांच्या सांगलीचा कोणी श्रोता उठून ते सांगेल, आणि तेव्हा ते जास्त झोंबेल.

तिसरा भाग तुलनेचा, आणि माझ्या मते हाच वादाचा गाभा आहे. पाकिस्तानचे हनीफ मोहम्मद २००९ च्या पहिल्याच यादीत आहेत. त्यांची कारकीर्द ५५ कसोटी, ३९१५ धावा, सरासरी ४३.९८, शतके १२. उम्रीगर यांची ५९ कसोटी, ३६३१ धावा, सरासरी ४२.२२, शतके १२, आणि शिवाय ३५ बळी. दोघेही साधारण एकाच काळात, नव्याने उभ्या राहणाऱ्या संघांकडून, पुष्कळदा पराभवाच्या छायेत खेळले. नावे झाकून हे दोन तक्ते एखाद्याला दाखवले तर त्याला यांतला आत कोण आणि बाहेर कोण हे ओळखता येणार नाही. बैठकीत असे खरोखर करून पाहावे. फळ्यावर नुसते ‘अ’ आणि ‘ब’ लिहून हात वर करायला सांगावे. श्रोत्यांचे लक्ष वेधण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

पण इथेच बहुतेक वक्ते घसरतात. ‘हनीफ आत आहेत, म्हणून उम्रीगर आत हवेत’ हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते, प्रत्यक्षात ते फारच कमकुवत आहे. आत असलेल्या सर्वांत खालच्या माणसाला उंबरठा मानले तर तो उंबरठा दरवर्षी खाली खाली येत जातो आणि शेवटी यादीला अर्थ उरत नाही. दुसरे असे की हनीफ हे खालचे नाव नाहीच. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिजटाऊनला फॉलोऑन मिळाल्यावर ९७० मिनिटे खेळपट्टीवर उभे राहून ३३७ धावा काढत त्यांनी कसोटी वाचवली. त्यांची निवड सरासरीवर झालेली नसून अशा डावांवर झाली आहे. म्हणजे खरा प्रश्न वेगळाच निघतो: उम्रीगर यांच्याकडे त्या तोलाचे काय आहे?

उत्तरासाठी चार सामने टिपणात सविस्तर घ्यावेत. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्यात मंकड यांचे १२ बळी सर्वांना आठवतात, उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावा तितक्या आठवत नाहीत. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा, हे भारताचे पहिले कसोटी द्विशतक. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियावर भारताने पहिला विजय मिळवला तो जसू पटेल यांच्या १४ बळींमुळे, परंतु दुसऱ्या डावात २७ धावांत ४ बळी घेणारे उम्रीगर होते. आणि चौथा, एप्रिल १९६२ मधला पोर्ट ऑफ स्पेनचा सामना. या चौथ्याबद्दल जरा सविस्तर बोलावे लागेल.

त्या दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली होती, संघाचे नेतृत्व एकवीस वर्षांच्या पतौडींकडे आले होते आणि भारत मालिकेतील एकामागून एक कसोटी हरत होता. शेवटी ती मालिका ५-० अशी गेली. अशा वेळी छत्तीस वर्षांच्या उम्रीगर यांनी पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ली हॉल, सोबर्स आणि लान्स गिब्स यांच्यासमोर ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, आणि त्याच सामन्यात १०७ धावांत ५ बळीही घेतले. भारत सात गड्यांनी हरला. हरलेल्या सामन्यातली कामगिरी म्हणून ती दोन ओळींत आटोपली जाते. मला विचाराल तर उम्रीगर यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच सामना आहे, हैदराबादचे द्विशतक नव्हे. कारण पहिले द्विशतक कोणाचे तरी असणारच असते, पण खचलेल्या संघात, वयाच्या त्या टप्प्यावर, बॅट आणि चेंडू दोन्हींनी सामना अंगावर घेणारे फार थोडे असतात. हनीफ यांच्या ३३७ च्या शेजारी तो ठेवता येतो का, हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवावे. मी ठेवीन, थोडा खाली.

दुबळी बाजू आपणच मांडावी

उम्रीगर यांच्या विरोधातला मुद्दा सर्वांना ठाऊक आहे: १९५२ चा इंग्लंड दौरा. चार कसोटींतल्या सात डावांत त्यांनी अवघ्या ४३ धावा केल्या, सरासरी ६.१४. तरुण फ्रेड ट्रूमनने त्या मालिकेत २९ बळी घेतले आणि त्याच्या वेगापुढे उम्रीगर लेगच्या बाजूला सरकत असत, ही गोष्ट इंग्रज लेखकांनी पुढे अनेक वर्षे चवीने सांगितली. बाजू मांडणारा वक्ता हा मुद्दा शेवटपर्यंत टाळतो आणि विरोधक तो शेवटी काढतो, असे झाले की सभा विरोधकाची होते. त्याऐवजी बाजू मांडणाऱ्याने पहिल्या तीन मिनिटांतच सांगावे की होय, सात डाव, ४३ धावा, आणि हे अपयश त्या काळातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजासमोरचे आहे, म्हणून ते गंभीर आहे.

एकदा हे सांगितले की पुढचे बोलण्याचा अधिकार मिळतो. त्याच दौऱ्यात उम्रीगर यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत तीन द्विशतकांसह १६८८ धावा केल्या होत्या. मात्र हा मुद्दा जपून वापरावा, कारण विरोधक लगेच म्हणेल की ऑक्सफर्ड विद्यापीठासमोरचे द्विशतक ट्रूमनसमोरच्या अपयशाची भरपाई करत नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. भरपाई म्हणून १९५३ चा वेस्ट इंडिज दौरा दाखवावा, जिथे त्यांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या, आणि १९५९ मध्ये मँचेस्टरला, समोर ट्रूमन असताना, केलेले ११८ दाखवावे. खेळाडू एकदा मोडला हे खरे, आणि सात वर्षांनी त्याच देशात, त्याच गोलंदाजासमोर परत उभा राहिला हेही खरे; दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता आली पाहिजेत.

विरोधी बाजूला मात्र १९५२ वर अवलंबून राहण्याची गरज नाही, आणि चांगला विरोधक राहणारही नाही. त्याने बारा शतकांची विभागणी करावी: पाकिस्तानविरुद्ध पाच, इंग्लंड आणि वेस्ट इंडिजविरुद्ध प्रत्येकी तीन, न्यूझीलंडविरुद्ध एक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. पाकिस्तानविरुद्धच्या पाचांपैकी चार शतके १९५४-५५ आणि १९६०-६१ या दोन मालिकांतली आहेत, आणि त्या दोन्ही मालिकांतले दहाच्या दहा सामने अनिर्णित राहिले होते. दोन्ही संघ हरायचे नाही एवढ्याच बेताने खेळत असताना केलेल्या शतकांचे वजन किती धरायचे, हा प्रश्न १९५२ पेक्षा कितीतरी अवघड आहे. त्याला सोपे उत्तर नाही. बाजू मांडणाऱ्याने इतके म्हणावे की तीच मोजपट्टी हनीफ यांनाही लावावी लागेल, आणि तिथे थांबावे.

कर्णधारपदाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी ओढला जातो. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताने चार कर्णधार वापरले. मद्रास कसोटीच्या तोंडावर उम्रीगर यांनी संघनिवडीतल्या हस्तक्षेपावरून कर्णधारपद सोडले. काहींना यात बाणेदारपणा दिसतो, काहींना हट्ट. यावर पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये, कारण आठ कसोटींच्या नेतृत्वावर कोणीच हॉल ऑफ फेममध्ये जात नाही.

दोन युक्तिवाद मात्र नियमानेच बंद करावेत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ दरवर्षीच्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला जो पुरस्कार देते, तो उम्रीगर यांच्या नावाने आहे. ही आदराची खूण आहे, खेळाचा पुरावा नव्हे. आणि दुसरा युक्तिवाद जन्मगावाचा. उम्रीगर कुटुंब त्यांच्या शालेय वयातच मुंबईला गेले आणि पुढची कारकीर्द मुंबईच्या मैदानांवर घडली. ते सोलापूरचे, हे हा विषय हाती घेण्याचे कारण होऊ शकते, त्यांना निवडण्याचे नाही. माझी सूचना अशी की बोलताना दोन्ही बाजूंना ‘सोलापूर’ हा शब्द वापरण्याची बंदी असावी आणि वापरल्यास अर्धा मिनिट कापावा. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांचे दोन-दोनदा अर्धे मिनिट जाते, हसे होते, आणि मग भाषणे सुधारतात.

शिखर की लांबी

थोड्या काळाचा पण अत्युच्च खेळ मोठा की दीर्घ कारकीर्द, कोणत्याही हॉल ऑफ फेमच्या वादात हा प्रश्न येतोच, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडते. तिथे ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू चेंडू घेऊन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसतो, त्यामुळे त्याचे शरीर लवकर थकते आणि कारकिर्दी तोकड्या राहतात. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस सातच हंगाम खेळला, त्याच्या धावण्याचे एकूण अंतर ७६०७ यार्ड. परंतु १९९८ च्या एकाच हंगामात त्याने २००८ यार्ड काढले होते, आणि २०१७ मध्ये त्याला कँटन येथील हॉल ऑफ फेममध्ये घेतले. गेल सेअर्स तर केवळ ६८ सामने खेळून आत गेला, तोही चौतिसाव्या वर्षी. उलट फ्रँक गोर सोळा हंगाम खेळला आणि नेमके १६००० यार्ड करून थांबला. म्हणजे डेव्हिसच्या दुपटीहून अधिक, पण त्याच्या कोणत्याही एका हंगामाला ‘त्या वर्षी हाच सर्वांत भारी’ असे म्हणणारे थोडेच.

आपल्या वादात हा प्रश्न असा विचारावा: उम्रीगर हे डेव्हिससारखे आहेत की गोरसारखे? दीर्घ, भरवशाची, संघाला तोलून धरणारी कारकीर्द, हे उत्तर पटकन येते. मग गोरच्या बाजूने जे बोलले जाते तेच इथे बोलावे लागेल, आणि पोर्ट ऑफ स्पेन किंवा हैदराबाद ही शिखरे त्यात भर म्हणून यावीत. दोन्ही मापे एकाच वेळी वापरून, जिथे लांबी कमी पडेल तिथे शिखर आणि शिखर कमी पडेल तिथे लांबी पुढे करणे, ही वादातली जुनी चलाखी आहे. सभाध्यक्षाने ती ओळखून थांबवावी. लक्ष्मण यांच्यावर चर्चा झाली तर हाच प्रश्न उलटा येईल, कारण तिथे १३४ कसोटींतल्या ८७८१ धावांपेक्षा कोलकात्याच्या २८१ धावांच्या डावावरच सगळे बोलतात.

महिला खेळाडूंचा विषय असेल तर ही सगळी मापे बाजूला ठेवावी लागतात. डायना एडलजी यांना २० कसोटी मिळाल्या, नीतू डेव्हिड यांना १०. कसोटीतल्या ८००० धावा किंवा २०० बळी हे शब्दच तिथे निरर्थक आहेत. नीतू डेव्हिड यांनी १९९५ मध्ये जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध ५३ धावांत ८ बळी घेतले, तो डाव समजून घेणे हे कारकिर्दीची बेरीज करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

बैठक आणि मतदान

पंधरा ते पंचवीस माणसे पुरतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणचे सभागृह मिळाले तर उत्तम, नाही तर कोणाच्याही घरची मोठी गच्ची चालते. मार्च ते मे या काळात संध्याकाळी सातच्या आधी बसू नये, सोलापूरच्या उन्हात तापलेल्या माणसाला सरासरीच्या दशांशात रस नसतो. आणि आयपीएलची रात्र किंवा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा यांच्याशी स्पर्धा करू नये. १९५०-६० च्या दशकांतले क्रिकेट आकाशवाणीवर ऐकलेली दोन-तीन वडीलधारी मंडळी आवर्जून बोलवावीत, पण त्यांना वक्ते करू नये. त्यांना साक्षीदार म्हणून प्रश्न विचारावेत. ‘काका, तुम्ही १९६२ च्या बातम्या कशा ऐकल्या’ या प्रश्नातून जे मिळते ते धावफलकात नसते. आपल्याकडे चर्चा तापली की माणसे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये जातात. जाऊ द्यावे, शेजाऱ्याने मराठीत सांगावे.

दोन्ही बाजूंना सुरुवातीला दहा-दहा मिनिटे, मग अर्धा तास प्रश्नोत्तरे आणि शेवटी चार-चार मिनिटे, एवढे पुरे. मोबाईल एकाच माणसाकडे असावा आणि त्याने विचारलेला आकडाच सांगावा, मत देऊ नये. बाजू कोणी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे; मनापासून उम्रीगरभक्त असलेल्याच्या वाट्याला विरोधी बाजू आली तर फारच छान, तो तयारी दुप्पट करून येतो.

मतदान गुप्त चिठ्ठीने घ्यावे, हात वर करून नको, कारण साठ वर्षांच्या काकांच्या देखत विसाव्या वर्षीचा मुलगा विरोधात हात वर करणार नाही. साधे बहुमतही पुरेसे मानू नये. कँटनमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, निवडीसाठी ८० टक्के मते लागतात. वीस जण असतील तर सोळा. हा उंबरठा मुद्दाम उंच आहे आणि तो तसाच ठेवावा. चिठ्ठीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ याच्या खाली, आपले मत ज्या एका मुद्द्यावर ठरले तो मुद्दा लिहायला सांगावे. निकालापेक्षा या ओळी अधिक बोलक्या असतात. पंधरांनी ‘हनीफ’ लिहिले आणि एकानेही ‘पोर्ट ऑफ स्पेन’ लिहिले नाही, तर बाजू मांडणाऱ्याला कळते की आपण कुठे कमी पडलो.

सोळा मते मिळाली तर टिपण, ठराव आणि मतांची संख्या एका पानावर नीट लिहून आयसीसीला आणि भारतीय मंडळाला ईमेलने पाठवता येईल. उत्तराची वाट पाहू नये, पण नोंद राहते. निवडीत सध्याचे हॉल ऑफ फेमचे सदस्य आणि क्रिकेट पत्रकारही मतदान करत आले आहेत, त्यामुळे एखाद्या मराठी क्रिकेट लेखकाला तेच पान पाठवणे कदाचित अधिक उपयोगी ठरेल. मते कमी पडली तर त्याच उमेदवारावर वर्षभर पुन्हा बैठक घेऊ नये. मधल्या काळात वेंगसरकर घ्यावेत, ११६ कसोटी, ६८६८ धावा आणि लॉर्ड्सवरची तीन शतके, किंवा लेगस्पिनर गुप्ते, ३६ कसोटींत १४९ बळी. मिताली राज आणि झूलन गोस्वामी २०२२ मध्ये निवृत्त झाल्या असल्याने २०२७ मध्ये त्यांची पाच वर्षे पूर्ण होतील. त्या दोघींचे टिपण आत्तापासून करायला घेतले तरी चालेल.